सांगणाऱ्याला मार नाही

शुवैख, कुवेत
४ नोव्हेंबर १९९२

ती. नर्मदाआक्का,

तुकारामचा साष्टांग नमस्कार. आईला सांग की मी धडधाकट आहे, दोन वेळ जेवतो आणि डोक्याला तेल लावतो. तिचे तीनही प्रश्न इथंच मिटले.

आठ महिने झाले मला इथं येऊन. दारं आणि बाकं, बाकं आणि दारं. लढाईच्या दिवसांत शाळांमधलं लाकूड सैनिकांनी चुलीत घातलं, ते आम्ही परत भरून काढतोय. बाबांनी शिकवलेलं रंगकाम विसरतो की काय अशी भीती वाटायला लागली होती. सावंतवाडीच्या चिताऱ्याच्या पोरानं नुसते खिळे ठोकायचे म्हणजे काय!

पण गेल्या आठवड्यात गंमत झाली. सबाह अल-सालेमला आपल्याकडच्या मुलांची एक शाळा आहे, तिथं खिडक्या बसवत होतो. तिथं अरबी शिकवायला सफियाबाई म्हणून आहेत, इथल्याच, कुवेती. इथं शिक्षिकेला पोरं ‘अबला’ म्हणतात. हसू नको! तू आलीस तर तुलाही म्हणतील, आणि तू पहिल्याच दिवशी चौघांचे कान पिळशील. तर या बाईंनी आमचे फोरमन राजाभाऊ यांना विचारलं, लाकूड गोल कातून देणारा कुणी आहे का? राजाभाऊ कुडाळचे. ते म्हणाले, आहे की, हा खेळणी हातात घेऊनच जन्माला आलाय.

बाईंनी मला सहा फोटो दिले. वाळूत पडलेल्या काही वस्तू आहेत. एक पेरूएवढी गोल, एक चपटी डब्यासारखी, अशा. मुलांना त्या ओळखता याव्यात म्हणून लाकडी नमुने हवेत. फोटो काळेपांढरे. रंग कुठला देऊ विचारलं तर म्हणाल्या, मुलं विसरणार नाहीत असं कर. मग आता तूच सांग. तू वीस वर्षं बालवर्ग सांभाळतेस. पोरांच्या लक्षात नक्की काय राहतं? रंग, आकार, की वजन? मला हे जाणून घ्यायचंच आहे. काम हातात आल्यापासून झोपेतसुद्धा माझे हात फिरतायत.

तुझा,
तुकाराम

*

सावंतवाडी
२० नोव्हेंबर १९९२

चि. तुकाराम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तेका सांग, तेल लावतंय म्हणता, पण खंयचा? नारळाचाच लाव.” झाले तिचे चार प्रश्न.

आता तुझं. कसल्या वस्तू रे त्या? फळं, भांडी की इथं न मिळणारे कसले दगडधोंडे? फार मोघम लिहिलंयस. लहानपणी शेजारच्या फणसावर चढलास की तू असाच मोघम बोलायचास. पण शाळेसाठी आहे म्हणतोस, तर सांगते.

मुलांच्या डोक्यात काही जायचं असेल तर ते आधी त्यांच्या हातात जावं लागतं. नुसतं लांबून दाखवलेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. म्हणून वस्तू त्यांच्या मुठीत बसेल एवढीच कर. कडा गोल घास. रंग पिवळा आणि लाल, त्यावर हिरवी रेघ, आणि लाखेची झिलई अशी चढव की गालाला लावावीशी वाटली पाहिजे. गोल वस्तूच्या पोटात दोन खडे घाल. वाजलं की मूल हसतं, आणि हसलं की विसरत नाही. माझ्या वर्गातला बाबांच्या हातचा पोपट बघ ना, चोच तुटली तरी पोरं त्याला सोडत नाहीत.

झाल्यावर मुलांनी काय केलं ते सविस्तर कळव. मलाही उत्सुकता आहे.

तुझी,
आक्का

*

शुवैख
१४ डिसेंबर १९९२

ती. आक्का,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, मी बरा आहे आणि तेल नारळाचंच आहे.

तुझ्या शब्दाबरहुकूम सहा नमुने केले. आक्का, काय झाले होते म्हणून सांगू! राजाभाऊ हातातून खाली ठेवायला तयार नव्हते. मंगळवारी शाळेत नेले. सफियाबाई कुठल्याशा मीटिंगला गेल्या होत्या, म्हणून मीच हौसेनं तिसरीच्या वर्गात वाटून दिले. पोरांनी झुंबड केली. खुळखुळ काय, ओढाओढी काय! एकीनं तर गोल नमुना फ्रॉकच्या खिशात घातला आणि काढेचना. मी दारात उभा राहून खुशाल हसत होतो. बाबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात सफियाबाई आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं गोळा करून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, “तुकाराम, हे तू काय केलंस?”

आता खरं लिहितो. ती फळं नव्हेत. लढाईत विमानांतून पडलेले आणि वाळूत पुरून ठेवलेले बाँब आहेत ते, न फुटलेले. वाळवंटात अजून पडलेत. थंडीत इथली माणसं तंबू टाकून वाळवंटात राहायला जातात, पोरं खेळता खेळता काहीतरी उचलतात. सफियाबाईंच्या भाच्याची तीन बोटं अशीच गेली. म्हणून त्यांना नमुने हवे होते, मुलांनी दिसल्याबरोबर लांब पळावं म्हणून. आणि मी ते गालाला लावावेसे केले. तुला खरं लिहिलं असतं तर तू आईला वाचून दाखवलं असतंस आणि ती म्हणाली असती, आजच्या आज परत ये. म्हणून लपवलं. चुकलो.

याहून वाईट पुढं आहे. गोळा केले तेव्हा पाचच भरले. पेरूएवढा गोल नमुना कुठं गेला कळत नाही. मुख्याध्यापकांनी सगळ्यांची दप्तरं उपसली, चोराला शाळेतून काढीन म्हणाले. काही सापडलं नाही. माझा संशय त्या खिशात घालणारीवर, अलिनावर आहे. राजापूरच्या रियाजची ही आठ वर्षांची मुलगी. रियाज भाजीचा ट्रक चालवतो, त्याची बायको असमा याच शाळेत आया आहे. मोठी भली माणसं. दर शुक्रवारी मला जेवायला बोलावतात. पण ते राहतात सुलैबियाला, आणि त्यांच्या घरामागे नुसती मोकळी वाळू आहे. तिथं तसलं खरंखुरं काही पडलेलं असलं आणि त्या पोरीला ते ‘तुका अंकलचं खेळणं’ वाटलं तर?

रियाजला सांगू का? तो पोरीची चामडी सोलेल आणि ती नाही म्हणून बसेल. काय करू ते कळव.

तुकाराम

*

सावंतवाडी
२७ डिसेंबर १९९२

तुकाराम,

पत्र वाचलं आणि तुला मनातल्या मनात दहा शिव्या घातल्या. मेल्या, एवढी मोठी गोष्ट लपवलीस! मग स्वतःला वीस घातल्या. खडे घालायला मीच सांगितलं ना? रंग माझेच, मुठीचं मापही माझंच. आपण दोघांनी मिळून पोरांना बाँब उचलायचं वळण लावलं, हे आधी कबूल करू या.

बांद्याचे अकबर मेस्त्री परवाच्या विमानानं तिकडे येतायत. हे त्यांच्या हाती देते, म्हणजे लवकर पोचेल.

दोन दिवस मी एकाच गोष्टीचा विचार केला. आपल्याकडे फुरसं निघतं. प्रत्येक पावसाळ्यात लाकडांच्या ढिगातून निघतं. आपण कधी पोरांच्या हातात लाकडी फुरसं दिलं का, ओळख करून घ्या म्हणून? नाही. आपल्याला आजी काय शिकवायची? दिसलं की जागच्या जागी थांब. आलास त्याच पावलांनी मागे हो. मोठ्या माणसाला हाक मार. ओळखायची जबाबदारी मोठ्यांची, पोरांची नव्हे. दोरी निघाली तरी आजी गुळाचा खडा द्यायची, आठवतं?

आणि आता जे लिहिते ते नीट वाच. माझ्या वर्गात प्रभा म्हणून मुलगी होती. काजू चोरायला गेली आणि तिला फुरसं चावलं. दोन तास ती घरात भिंतीला टेकून गप्प बसून होती. का? चोरी कळली तर बाप मारील म्हणून. जीव वाचला, पण तिचा पाय कायमचा आखडला. फुरशापेक्षा बापाचा मार तिला मोठा वाटला, रे! तेव्हापासून माझ्या वर्गात एकच नियम आहे: सांगणाऱ्याला मार नाही. चोरून केलं असेल तरी नाही.

दप्तरं उपसणं बंद करायला सांग. चोर, पोलीस हे शब्द त्या शाळेत नकोत. तुझ्या त्या बाईंना विचारून तूच वर्गासमोर उभा राहा आणि म्हण, चूक माझी, मी वाईट वस्तू सुंदर केली. मोठ्या माणसानं आधी चूक सांगितली की लहानांची तोंडं उघडतात. आणि शब्द दे. पण देशील तर पाळ. एकदा मोडलास की ती पोरं पुन्हा कधी काही सांगणार नाहीत.

आईला काही बोलले नाही. देव्हाऱ्यासमोर मात्र जरा जास्त वेळ बसते, तिला संशय आलाय.

आक्का

*

शुवैख
८ जानेवारी १९९३

ती. आक्का,

आधी हे वाच: सगळे जिवंत आहेत, कुणाला खरचटलंही नाही. आता बैस.

अकबर मेस्त्रींनी पत्र दिलं त्याच दिवशी सफियाबाईंना उलगडून सांगितलं. त्यांनी फुरशाचं दोनदा विचारून घेतलं, केवढं असतं, कुठं असतं. मग म्हणाल्या, तुझी बहीण मला हवी होती. शनिवारी मी वर्गासमोर उभा राहिलो. हिंदीतून सांगितलं, ही वस्तू हात तोडते, आणि मी मूर्खासारखी ती सुंदर केली. पाचही नमुन्यांचे रंग मी पोरांसमोर पॉलिशपेपरनं घासून काढले. मग मैदानातल्या वाळूत सगळ्यांना चालायला लावलं आणि शिटी वाजली की आपल्याच पावलांवरून उलटं मागे यायचं, असा खेळ घेतला. शेवटी तुझा नियम सांगितला. सांगणाऱ्याला मार नाही, हा तुका अंकलचा शब्द.

सुटीच्या वेळी अलिनानं माझी बाही ओढली. ही पोर घरी कोकणीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. हळूच म्हणाली, “अंकल, आय हॅव टू.”

आक्का, दोन! मी केला होता तो एकच. मी विचारलं, दुसरं कुठून आणलंस? म्हणाली, घरामागे मिळालं. मला वाटलं, तुम्हीच माझ्यासाठी ठेवलंय, फक्त रंगवायचं राहिलंय. बाहुलीच्या कपड्यात गुंडाळून तिनं ते खोक्यात घातलं होतं, आणि ते खोकं असमाच्या शिवणयंत्राखाली. असमा त्या यंत्रावर रोज संध्याकाळी पायडल मारते.

मी तिला घेऊन सफियाबाईंकडे धावलो. त्यांनी लगेच फौजेला फोन केला. आम्ही सुलैबियाला पोचेपर्यंत फौजेच्या माणसांनी सगळी चाळ रिकामी केली होती. दोघं आत गेले. आक्का, ते परत बाहेर येईपर्यंत मी सगळ्या देवांची नावं घेतली, रियाजच्या अल्लाचंही घेतलं. लांब वाळूत नेऊन त्यांनी ते उडवलं. चाळीच्या दोन काचा फुटल्या. अलिनानं कानांवर हात ठेवले होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होती.

आणि तेव्हाच रियाज ट्रक टाकून धावत आला. काय झालं ते कळल्यावर त्यानं सगळ्यांदेखत पोरीच्या दोन मुस्कटात मारल्या. भीतीनंच मारल्या, मला कळतं. नंतर तोच मटकन खाली बसून हमसून हमसून रडला. पण अलिना रडली नाही. ती मला म्हणाली, “यू प्रॉमिस्ड.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

शाळेच्या बसमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक झालं. सफियाबाई रोज सकाळी विचारतात, कुणी काही पाहिलंय का? दोनशे पोरं, आणि सगळी खाली बघतात. यातल्या कितीतरी मुलांची घरं वाळूला लागून आहेत. माझा शब्द गेला, आक्का. आज शुक्रवार, पण मी रियाजकडे जेवायला गेलो नाही.

तुकाराम

*

सावंतवाडी
२२ जानेवारी १९९३

चि. तुकाराम,

तुझा शब्द तू मोडलेला नाहीस, म्हणून तुला तो सांधताही येणार नाही. ज्यानं मोडला त्यानंच सांधायचा. सोबतची चिठ्ठी रियाजला दे. तू काही बोलू नकोस, समजावू नकोस. पुढच्या शुक्रवारी मुकाट्यानं जेवायला जा. राग धरून उपाशी राहणं ही आपल्या घरची जुनी खोड आहे.

आक्का

(सोबत)

रियाजभाऊ,

मी तुकारामची मोठी बहीण. तुम्ही माझ्या भावाला परदेशात घरचं जेवण देता, त्याचे उपकार मानायचे राहून गेले होते. आज त्याऐवजी बोलायची वेळ आली, राग मानू नका. रागावलात तरी मी बोलणारच.

तुमच्या जागी मी असते तर मीही मारलं असतं. आणि चुकले असते. तुमच्या मुलीनं त्या दिवशी तुमचं सगळं घर वाचवलं. तिनं सांगितलं नसतं तर आज तुम्ही हे पत्र वाचत नसता. तिला त्याबद्दल दोन मुस्कटात मिळाल्या, हे दोनशे मुलांना ठाऊक आहे. आता त्यातल्या कुणाच्या उशाखाली काही असेल तर ते मूल गप्प बसणार. का, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मारलं सगळ्यांदेखत, तर माफीही सगळ्यांदेखत मागा. बापानं मुलीसमोर मान झुकवायची आपल्याकडे रीत नाही, हिंदूंत नाही आणि मुसलमानांतही नाही. मला ठाऊक आहे. तरी मागते आहे. अलिनाला माझी पापी द्या.

नर्मदा

*

शुवैख
१३ फेब्रुवारी १९९३

ती. आक्का,

चिठ्ठी दिली. रियाजनं ती ट्रकमध्ये बसून वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाला, “तुजी बहन लई तिखट दिसते रे.” एवढंच. मग आठ दिवस काही नाही. मी जेवायला जात होतो, असमा वाढत होती, अलिना दुसऱ्या खोलीत जाऊन बसत होती. मला वाटलं, संपलं सगळं. माणूस कितीही भला असला तरी एवढं कोण करतो?

आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी शाळेच्या व्हरांड्यात काचेची पेटी बसवत होतो. घासलेले नमुने आता तिच्यात राहणार, पोरांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. बघतो तर फाटकातून रियाज येतोय. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, जसा काही कुणाच्या निकाहला निघालाय. सफियाबाईंशी दोन शब्द बोलला आणि पायरीवर चढला.

माइक त्यानं घेतलाच नाही. घसा दोनदा खाकरला. म्हणाला, “मेरी बेटी अलिना ने सच बोला था. मैंने उसको मारा. गलती मेरी थी.” मग खाली उतरून रांगेत तिसरीपर्यंत चालत गेला, अलिनासमोर उकिडवा बसला आणि आपल्या बोलीत म्हणाला, “चुकलो गो बाय.”

असमा दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. अलिनानं बापाची कॉलर नीट केली. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर कधी खाली पडला मला कळलंच नाही.

सफियाबाईंनी रोजचाच प्रश्न विचारला. कुणी काही पाहिलंय का?

आधी पहिलीतल्या एका चिमुरडीनं हात वर केला, तो अर्धाच. मग मागच्या रांगेत दोन. मग एक भावंडांची जोडी, एकमेकांकडे बघत बघत. सफियाबाई मोजत होत्या. फौजेची गाडी दुपारीच आली. काही ठिकाणी नुसता डबा निघाला, काही ठिकाणी गंजलेला नळ. चार ठिकाणी तो नुसता डबा नव्हता. ते चारही त्यांनी संध्याकाळच्या आत उडवले.

एकूण अकरा हात होते, आक्का. अकरावा अलिनाचा होता. तिला घरामागची आणखी एक जागा ठाऊक होती, आणि महिनाभर ती गप्प होती.

तुझा,
तुकाराम